जोडप्याने ग्रुप टूरने स्वित्झर्लंडला जायचं म्हणजे पैसे पाण्यात?

अनघा_ठाणे:
परवा इथे निवांत_प्रवासी यांनी लिहिलं की लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला बायकोला चाळीस जणांच्या बसमध्ये कोंबून स्वित्झर्लंड दाखवणं म्हणजे पैसे पाण्यात, गळ्यात पट्टा घालून झेंड्यामागे धावायचं, त्यापेक्षा ट्रेनचा पास काढा, अपार्टमेंट घ्या, स्वयंपाक तिथेच करा, निम्म्या पैशात होतं. आणि वर "ज्यांना एवढंही जमत नाही त्यांनी घरी बसावं". वाचून डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितेय.

आम्ही दोघं मे महिन्यात ग्रुप टूरनेच जाऊन आलो. ह्यांनी आयुष्यभर कारखान्यात शिफ्ट केल्या, मी शाळेत नोकरी केली. शेंगेनच्या व्हिसाचे कागद, हॉटेलची बुकिंगं, कुठल्या स्टेशनावर कुठली गाडी बदलायची हे सगळं आम्हाला शिकता आलं असतं, नाही असं नाही. पण ती सुट्टी होती हो, परीक्षा नव्हती. टिटलिसच्या बर्फाच्या डोंगरावर ती गोल फिरणारी केबल कार वर चढताना हे खिडकीला नाक लावून उभे होते, पुढे काय, तिकीट कुठंय, बॅग कुठंय, काहीही डोक्यात नाही. असे निवांत मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिले नव्हते.

आता "स्वयंपाक तिथेच करा" याबद्दल. कोणी करायचा? माझे दीर-जाऊ असेच स्वतः प्लॅन करून गेले होते, लाउटरब्रुनेन नावाच्या दरीतल्या गावात अपार्टमेंट. खिडकीतून समोर श्टाउबाख, जवळजवळ ३०० मीटर उंचीवरून कोसळणारा धबधबा, आणि जाऊबाई ओट्याशी. लाटणं नाही म्हणून वाईनच्या रिकाम्या बाटलीने पोळ्या लाटल्या. सकाळी डबे, संध्याकाळी परत कुकर. दीर गावभर सांगतात किती स्वस्तात जमवलं. ते स्वस्त कोणाच्या जिवावर झालं ते सांगत नाहीत.

निवांत_प्रवासी:
ताई, माझ्या पोस्टमधलं एक वाक्य धरून बसलात. मुद्दा पैसे कसे खर्च होतात हा आहे. तुम्ही लाउटरब्रुनेनमध्ये किती वेळ थांबलात ते सांगा. माझ्या ओळखीचे बहुतेक ग्रुपवाले ती दरी बसच्या काचेतून बघतात. ७२ धबधब्यांची दरी म्हणतात तिला, आणि तुम्हाला फोटोसाठी वीस मिनिटं! स्विस ट्रॅव्हल पासवर ट्रेन, बस, तलावातल्या बोटी सगळं येतं, रीगीची रेल्वेसुद्धा, युरोपातली पहिली डोंगरी रेल्वे ती, १८७१ ची. किती ग्रुप टूर रीगीला नेतात? सगळ्यांचं ठरलेलं, टिटलिस, युंगफ्राऊ, ल्युसर्नला घड्याळांची दुकानं. त्या दुकानात मात्र तास-दीड तास मिळतो बरोबर.

सातारकर:
दुकानाच्या मुद्द्याला शंभर टक्के पाठिंबा. आणि खरं दुखणं हवामानाचं आहे. आमचा युंगफ्राऊचा दिवस महिनाभर आधी ठरलेला. डोंगरावरची गाडी जिथे नेते तिथे, ३४५४ मीटरवर, ढग असेल तर पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. सकाळी हॉटेलात मी फोनवर तिथला लाइव्ह कॅमेरा लावून टूर मॅनेजरला दाखवला, म्हटलं आज नको, उद्या जाऊ. तो म्हणाला काका उद्या मिलान आहे. गेलो. एवढं महाग तिकीट, इंटरलाकेनहून साध्या दराने २०० फ्रँकच्या वर जातं, आणि वर आम्ही काय पाहिलं, बर्फाची गुहा आणि भारतीय बुफे. बायको काही बोलली नाही पण उतरताना गप्प होती. स्वतः गेलो असतो तर दिवस बदलला असता, एवढंच माझं म्हणणं.

झुरिकवासी:
मी इथे बरीच वर्षं राहतो. सातारकर म्हणतात ते खरं आहे, आम्ही इथले लोक सकाळी कॅमेरा बघूनच निघतो. पण टूर मॅनेजरला नुसतं बोलून उपयोग नाही. युरोपात कोचच्या ड्रायव्हरला साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास विश्रांती सक्तीची असते, दिवसाला साधारण नऊ तासांच्या वर चालवता येत नाही, रात्रीची विश्रांती वेगळी, आणि सगळी नोंद गाडीतल्या यंत्रात होते. म्हणून तुम्हाला "चला चला" करतात. चूक त्याची, जो पॅरिसपासून रोमपर्यंत सगळं एका टूरमध्ये कोंबून विकतो. आणि आपणही "किती देश" हेच आधी विचारतो.

अपार्टमेंटबद्दल एक सांगू का, इथे स्वयंपाकघर निघताना जसं होतं तसं चकाचक करून द्यावं लागतं. बऱ्याच गावांत कचऱ्याची पिशवीसुद्धा कर भरलेली विकत घ्यायची असते, साधी चालत नाही. फोडणीच्या वासावरून तक्रारी येतात. सुट्टीतला शेवटचा दिवस शेगडी घासण्यात जातो, हे ब्लॉगमध्ये कोणी लिहीत नाही.

कोल्हापुरी_विनय:
एक मिनिट. "कोणी करायचा" याचं उत्तर मी देतो. मी केला. बायकोला ओट्याकडे फिरकू दिलं नाही. भात-आमटी, अंडाकरी, स्टेशनजवळच्या कोऑप सुपरमार्केटमधून भाजी. सगळ्या नवऱ्यांना एका तराजूत तोलू नका. तुमच्या दिरांनी केलं नाही म्हणून अख्खी पद्धत वाईट ठरत नाही.

माधुरी_व्ही:
विनय, तुमचं कौतुक, पण तुम्ही अपवाद आहात. आमच्याकडे "मी करतो" म्हणजे कांदा कुठंय, मीठ कुठंय, भांडं कुठलं घेऊ, शेवटी मीच उठते. परदेशात भांडी अनोळखी असल्याने ते दुप्पट. ग्रुप टूरमध्ये मला सगळ्यात काय आवडलं तर संध्याकाळी हॉटेलात आयता वरणभात. डोंगर नंतर. आणि मला त्यात लाज वाटत नाही.

निवांत_प्रवासी:
म्हणजे लाखो रुपये भरून वरणभात खायला युरोपात जायचं! फोंड्यू, ते वितळलेलं चीज, खाल्लं का कोणी? बटाट्याची रोश्टी? एका तरी स्थानिक माणसाशी बोललात का? अशा लोकांमुळेच तिकडे आपल्याबद्दल वेडंवाकडं बोलतात.

माधुरी_व्ही:
अशा लोकांमुळे म्हणजे कशा? शब्द सांभाळा. मी शाकाहारी आहे, उपास धरते, मला चीज पचत नाही. माझ्या ताटात काय असावं हे तुम्ही ठरवणार? तुमची मिसेस काय म्हणते ते एकदा त्यांनाच लिहू द्या इथे.

निवांत_प्रवासी:
घरच्यांना मध्ये आणायचं कारण नाही.

अनघा_ठाणे:
का नाही? प्रश्नच जोडप्याच्या सहलीचा आहे. जोडपं म्हणजे दोन माणसं. तुमच्या सगळ्या हिशेबात पास किती, अपार्टमेंट किती, फ्रँकचा भाव किती, सगळं आहे. दुसऱ्या माणसाचे श्रम कुठल्या रकान्यात लिहिलेत? मला तेवढंच विचारायचंय आणि तुम्ही दोनदा टाळलंत.

कोल्हापुरी_विनय:
अनघाताई, मग हॉटेलात राहून स्वतः फिरा ना. नाश्ता हॉटेलात, दुपारी सुपरमार्केटचं सँडविच, रात्री एक बाहेरचं जेवण. मधला रस्ता आहे की. ग्रुप किंवा ओटा असे दोनच पर्याय कोणी सांगितले?

सातारकर:
मधला रस्ता तरुणांना ठीक. आमच्या सौं.चं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. युंगफ्राऊला जाताना वाटेत क्लाइन शाइडेग स्टेशनला गाडी बदलायची, दोन बॅगा, फलाट बदलताना कनेक्शन चार-पाच मिनिटांचं. स्विस गाडी थांबत नाही कोणासाठी. ढगात युंगफ्राऊ बघूनही मी परत ग्रुपनेच जाईन, फक्त एकच देश करणाऱ्या टूरने. बॅग खोलीच्या दारात येते, ही किंमत ज्याचे गुडघे शाबूत आहेत त्याला कळणार नाही.

झुरिकवासी:
बॅगांसाठी रेल्वेची सोय आहे, पैसे भरून सामान पुढच्या स्टेशनला पाठवता येतं. आणि क्लाइन शाइडेग टाळायचं तर २०२० पासून ग्रिंडेलवाल्ड गावाहून आयगर एक्स्प्रेस ही केबल कार आहे, पंधरा मिनिटांत हिमनदीच्या स्टेशनाला. पण गुडघ्यांचा मुद्दा मान्य. वर हवा विरळ असते, साठीच्या लोकांनी तिथे धावपळ करूच नये, टूर असो की नसो.

माधुरी_व्ही:
ही माहिती टूरवाले का देत नाहीत? आमच्यात एका काकांना वर चक्कर आली, मॅनेजर खाली बसमध्ये. चाळीस माणसांना एक मॅनेजर पुरतो का? यावर कोणी बोलत नाही, सगळे माझ्या वरणभातावर घसरले.

निवांत_प्रवासी:
बरं. "घरी बसावं" हे मी लिहायला नको होतं, तेवढं मागे घेतो. गुडघे, आजार, वय असेल तर ग्रुप टूर समजू शकतो. पण धडधाकट पन्नाशीच्या जोडप्याने घड्याळाच्या दुकानात तास घालवायचा आणि लाउटरब्रुनेन काचेतून बघायची, हे मला पटणार नाही. आणि हो, माझ्याकडे रात्रीची भांडी मी घासली होती.

अनघा_ठाणे:
भांडी घासलीत, छान. स्वयंपाक कोणी केला ते अजून आलं नाही. लाउटरब्रुनेनला आम्हाला जेमतेम अर्धा तास मिळाला आणि तो कमीच होता, हे तुमचं बरोबर. टूर कंपनीला मी तसं लेखी कळवलंय, घड्याळाच्या दुकानाचा वेळ कापून तिथे द्या म्हणून. उत्तर आलेलं नाही.

कोल्हापुरी_विनय:
उत्तर येणार नाही. दुकानातून त्यांना कमिशन मिळत असणार, धबधब्यातून काय मिळणार.