शब्दचर्चा: ‘अपव्यापार’, ‘पीडिता’, ‘सुटका’

विश्रामबागकर: सांगलीत बायकांच्या मेळाव्यात वाटायला चार पानी पत्रक मराठीत करतोय. विषय: देहविक्रीसाठी होणारी मुलींची खरेदी-विक्री, त्याविरुद्धचे कायदे, बाहेर पडलेल्यांना मिळणारी मदत. संविधानाच्या मराठी प्रतीत कलम २३ ला ‘माणसांचा अपव्यापार’ म्हटलंय. शेजारच्या मावशींना वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, “तोट्यातला धंदा का?” दुसरा शब्द सुचवा. ‘सर्व्हायव्हर’ला काय म्हणायचं तेही सांगा.

मिरजकर: ‘मानवी तस्करी’ लिहा की. पेपरात तेच येतं.

कृष्णाकाठ: तस्करी म्हटलं की सोनं, रक्तचंदन आणि सीमा डोळ्यापुढं येते. शेजारच्या तालुक्यातली मुलगी आणून ठेवली तरी हा गुन्हा होतोच. सरळ ‘मुलींची विक्री’ लिहा.

वकीलबाई: ‘विक्री’ एवढंच लिहिलंत तर अर्धा गुन्हा बाहेर राहील. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये पाच क्रिया आहेत: भरती करणं, नेणं, ठेवून घेणं, दुसऱ्याकडं सोपवणं आणि ताब्यात घेणं. त्या शोषणासाठी, आणि धमकी, बळजबरी, अपहरण, फसवणूक, अधिकाराचा गैरवापर किंवा आमिष यांपैकी कशाच्या तरी जोरावर केलेल्या हव्यात. ‘पुण्यात कामाला लावतो’ म्हणून एसटीत बसवून नेणारा लांबचा मामा त्यात आला, आणि सगळं ठाऊक असून खोलीत ठेवून घेणारी मालकीणही आली. या ‘ठेवून घेणं’ला शब्दाला शब्द लावणारे ‘आश्रय देणे’ म्हणतात. अहो, आश्रय वाटसरूला देतात!

त्याच कलमाचं एक स्पष्टीकरण ठळक छापा: या गुन्ह्यात पीडित व्यक्तीची संमती होती की नव्हती, हे बघितलंच जात नाही. उलटतपासणीत हमखास येणारा प्रश्न असतो, “तू तुझ्या पायांनी गेलीस ना?” गेली असेल. फसवून नेलेली माणसं पायांनीच जातात. शिक्षा किमान ७ वर्षं, मुलगी अल्पवयीन असेल तर किमान १०.

‘अपव्यापार’ एकदा कंसात राहू द्या, कारण पुढं कागदोपत्री तिला तोच भेटणार आहे. बाकी सगळीकडं ‘फसवून किंवा जबरदस्तीनं नेणं, ठेवणं, विकणं’.

मिरजकर: पण गुन्हा तर ‘पिटा’खाली, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्याखाली दाखल होतो ना?

वकीलबाई: दोन्ही लागू शकतात. ‘पिटा’ मूळचा १९५६ चा. तेव्हा वेश्याव्यवसाय म्हणजे बाईनं मोबदल्यासाठी शरीर देऊ करणं, अशी व्याख्या होती. १९८६ च्या दुरुस्तीत ती बदलून ‘व्यक्तींचं धंद्यासाठी लैंगिक शोषण किंवा गैरवापर’ अशी झाली. आधीच्या वाक्यात करणारी ती होती, आता तिच्यावर कुणीतरी काही करतंय. पण नावातला ‘अनैतिक’ जागचा हलला नाही. गिऱ्हाईक बोलावलं म्हणून तिलाच शिक्षा देणारं कलम ८ राहिलं. कलम २० सुद्धा राहिलं, ज्यात दंडाधिकारी तिला एखाद्या जागेतून निघून जायचा हुकूम देऊ शकतात. पिटा म्हणजे पिटाळा, असं आमच्या बाररूममध्ये कुणीतरी म्हणालं होतं, ते काही खोटं नाही. सुधारणा करायचीच तर हा ‘अनैतिक’ आधी जावा, असं माझं मत. अपव्यापाराविरुद्धचं नवं विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं होतं. राज्यसभेत ते पार पडलं नाही आणि २०१९ ला लोकसभेची मुदत संपली तसं बाद झालं.

कृष्णाकाठ: माझं भांडण ‘सुटका’शी आहे. बातमीचा ठरलेला साचा बघा: बनावट ग्राहक पाठवून खात्री केली, कुंटणखान्यावर छापा टाकला, दोन पीडितांची सुटका करून त्यांची सुधारगृहात रवानगी केली. सुटका आणि रवानगी एकाच वाक्यात! रवानगी कोठडीत होते. ‘पिटा’च्या कलम १७ प्रमाणे चौकशीनंतर तिला १ ते ३ वर्षं संरक्षणगृहात ठेवता येतं. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तीन सज्ञान तरुणींना अशा ठिकाणाहून सोडायला सांगितलं, कारण वेश्याव्यवसाय हा स्वतःच काही गुन्हा नाही. पत्रकात ‘सुधारगृह’ नको. ती बिघडलेली नव्हती. ‘निवारा’ लिहा.

गावभाग: दादा, सगळ्यांना सरसकट ‘पीडिता’ पण लिहू नका. वेश्या अन्याय मुक्ती परिषद ही धंदा करणाऱ्या बायकांची संघटना आपल्या सांगलीचीच, १९९६ पासूनची. ‘वेश्या’ हा शब्द बायकांनी स्वतःहून नावात घेतलाय. विकली गेलेली वेगळी आणि समजून-उमजून धंदा करणारी वेगळी, हे त्यांचं म्हणणं. १९ मे २०२२ ला सुप्रीम कोर्टानंही सांगितलं की छाप्यात अशा सज्ञान बायकांना अटक किंवा त्रास नको. तुमच्या मेळाव्यात दोन्ही बसलेल्या असतील.

वकीलबाई: ताईंचं बरोबर. उलट बाजूही आहे. बायकांबद्दल कोर्टात कुठले शब्द टाळावेत हे सांगणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या २०२३ च्या शब्दपुस्तिकेत ‘वेश्या’ऐवजी आधी ‘सेक्स वर्कर’ सुचवला होता. अपव्यापाराविरुद्ध काम करणाऱ्या संस्थांनी हरकत घेतली, की यातून सगळ्याच स्वखुशीनं आल्यात असं ध्वनित होतं. मग तो बदलून पर्याय दिले गेले, त्यात जबरदस्तीचा वेगळा उल्लेख आला.

विश्रामबागकर: आणि ‘सर्व्हायव्हर’? ‘वाचलेली’ म्हटलं तर इथं २०१९ चा पूरच आठवेल.

कृष्णाकाठ: ‘बचावलेली’ अपघाताची. ‘त्यातून बाहेर पडलेली’ लिहा. लांब आहे, पण बाहेर ती पडलेली आहे, कुणी काढलेली नाही.

मिरजकर: कुणी काढलेलीही असू शकते की.

कृष्णाकाठ: काढल्यावर उभं तिलाच राहावं लागतं.

गावभाग: ‘व्यावसायिक लैंगिक शोषण’ पण खोडा. व्यावसायिक म्हणजे डॉक्टर-वकील पण. वाचणारीला वाटेल शोषण करणारा तरबेज आहे. ‘पैशासाठी’ पुरे.

वकीलबाई: ‘नुकसानभरपाई’ मात्र ठेवा, गारपिटीमुळं सगळ्यांना पाठ आहे. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९६. आरोपीचा पत्ता लागला नाही, खटला उभा राहिला नाही, तरी अर्ज करता येतो. हे वाक्य तुम्ही चौथ्या पानावर तळाला टाकाल. पहिल्या पानावर घ्या.