कॅम्पिंग आणि शेतावरच्या कामाला दणकट चाकू कुठला घ्यावा? मदत हवी आहे

मंडळी, एक दणकट फिक्स्ड ब्लेड चाकू घ्यायचाय, म्हणजे दुमडणारा नको. राहायला भांडुपला, अधूनमधून मित्रांबरोबर तंबू टाकायला जातो आणि मुरबाडच्या पुढे सासऱ्यांची थोडी जागा आहे तिथे पावसाळा संपला की जे रान माजतं ते साफ करायचं काम जावई म्हणून आपसूक माझ्या गळ्यात पडलंय. त्यामुळे कामं अशी की तंबूच्या खुंट्या तासणं, बांबू चिरणं, चुलीसाठी सुकं लाकूड बारीक करणं, दोर कापणं, कधीतरी शहाळं, आणि संध्याकाळी त्याच चाकूने कांदा-बटाटा झाला तर बोनस. नाही झाला तर किचनमधली सुरी पळवायची, पण ती पळवली की घरी काय होतं ते विचारू नका.

बजेट तीन हजार, अगदीच भारी वस्तू असेल तर चार.

आतापर्यंत वाचून आणि विचारून जे कळलं ते लिहितो, चुकत असेल तर बिनधास्त हाणा.

मूठ आणि पातं हा सगळ्यात मोठा मुद्दा दिसतोय. आमच्या ग्रुपमधल्या एकाने ऑनलाइन एक 'सर्व्हायवल नाइफ' मागवला होता, पाठीला करवतीचे दाते, मुठीच्या टोकाला होकायंत्र, मुठीच्या पोकळीत काड्या आणि मासे पकडायचा गळ, म्हणजे तयारी थेट बेटावर अडकायची आणि पठ्ठ्या निघालेला कर्जतला. बाभळीच्या फाट्यावर पातं ठेवून वरून दांडक्याने ठोकायला लागला तर थोड्याच वेळात पातं लाकडात आणि मूठ हातात. उचलून बघितलं तर पात्याचं लोखंड मुठीत जेमतेम बोटाच्या पेराएवढं गेलेलं, नटाने आवळलेलं, आणि आट्यांपाशीच तुटलेलं. तुटलेल्या जागी खडीसाखरेसारखे जाड चमकते दाणे दिसत होते. नंतर कळलं की असे ठळक दाणे म्हणजे पाणी देताना (तापवून एकदम थंड करून कडक करतात ते) पोलाद नको इतकं तापवलंय, ते ठिसूळच होणार. तेव्हा फुल टँग हवा एवढं पक्कं, म्हणजे पात्याचं लोखंड त्याच रुंदीने मुठीच्या शेवटापर्यंत आणि दोन्ही बाजूंनी पट्ट्या रिव्हेट केलेल्या.

आता खरी अडचण पोलादाची. १०९५ कार्बन स्टीलचं सगळेच कौतुक करतात, त्यात कार्बन साधारण ०.९५ टक्के, धार चटकन लागते, ठोकाठोकी सोसतं. पण त्यात क्रोमियम जवळपास नसतंच आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथे या पात्याचं काय होणार! स्टेनलेस म्हणायला निदान साडेदहा टक्के क्रोमियम लागतं, मग गंजाची कटकट कमी, पण स्वस्तातलं स्टेनलेस इतकं मऊ असतं की बांबूच्या दोन-चार गाठींत धार जाते. मधला मार्ग म्हणून दुकानदार डी२ नावाचं पोलाद पुढे करतात. त्यात क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असतं खरं, पण त्यातलं बरंचसं कार्बनबरोबर कार्बाइडच्या कडक कणांमध्ये अडकून बसतं म्हणून तेही गंजतं, शिवाय धार गेली की घरच्या दगडावर लावताना घाम फुटतो.

मोरा (स्वीडनवाला) बऱ्याच जणांनी सुचवला. त्यांच्या कंपॅनियन मॉडेलची मूठ मस्त आहे, हातात घेऊन पाहिला, पण पातं अडीच मिलिमीटरचं आणि टँग मुठीत अर्धवटच जातो. त्यांचाच गारबर्ग फुल टँग आहे, ३.२ मिलिमीटर, पण तो बजेटच्या बाहेर जातोय. का-बार (अमेरिकन) बघितला, सात इंची पातं, दिसायला जबरदस्त, पण कांदा त्याने कापायचा म्हणजे जरा अतीच वाटतं.

आणि सासरे म्हणतात, कशाला पैसे घालवतोस, लोहाराकडून ट्रकच्या पाट्याचा कोयता करून घे, जन्मभर टिकेल. त्यांचा स्वतःचा खरंच टिकलाय, मूठ तेवढी बदललीये.

प्रश्न असे: एकच चाकू सगळ्याला पुरेल का? पात्याची जाडी ४ मिलिमीटर की ५? मुंबईत हातात घेऊन बघता येईल असं कुठे मिळेल? आणि लोकलने नेताना काही लफडं होतं का?

डोंगरवाट:
सासऱ्यांचं ऐका भाऊ, अर्धं तरी ऐका. पाटा म्हणजे स्प्रिंग स्टील, परत परत वाकून सरळ व्हायला केलेलं, त्यामुळे मार खायला ते एक नंबर. नेपाळी खुकऱ्याही बऱ्याचशा जुन्या पाट्यांच्याच असतात. रान साफ करणं हे वजनाचं आणि झोक्याचं काम आहे, ते चार-पाच इंची चाकूने करायला गेलात तर मनगट संध्याकाळपर्यंत बोलायला लागेल. आणि पाच मिलिमीटरच्या चाकूने कांदा कापला जात नाही, फुटतो.

माझं स्पष्ट मत, एकच चाकू सगळ्याला हा हट्टच सोडा. जागेवर कोयता ठेवून द्या, तिकडेच राहू दे. सॅकमध्ये साधा स्टेनलेस चाकू, पातं चार ते साडेचार इंच, जाडी तीनच्या आसपास. तुम्ही नाकारलेला कंपॅनियन यात चपखल बसतो. अर्धवट टँग म्हणून तो लगेच तुटत नाही, मनगटाएवढं लाकूड त्याने आरामात फुटतं, गाठीवर ठोकू नका म्हणजे झालं. थोडी जाडी हवीच असेल तर त्याचं हेवी ड्यूटी मॉडेल आहे, ३.२ मिलिमीटरचं.

फक्त लोहाराला एक सांगा, धारेच्या बाजूला पाणी द्या, पाठ मऊ राहू द्या. बाजारात तयार मिळतात त्यातले काही नुसते कापून घासलेले असतात. कानशीचा कोपरा धारेवर हलकेच फिरवून बघायचा, घसरली तर पाणी दिलंय, खरवडून लोखंड निघालं तर नाही दिलं.

रानवेडी:
कायद्याचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. शस्त्र नियमांत ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पातं शस्त्रात मोडतं, घरगुती, शेती, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठी बनवलेलं सोडून. म्हणजे शेतातला कोयता सुटतो, पण तोच कोयता घेऊन दादर स्टेशनवर उभे राहिलात तर कोण विचारणार शेती कुठेय म्हणून? त्यात मुंबईत महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघत असतात, त्या काळात साधा चाकू बाळगून फिरणंही अंगाशी येऊ शकतं. लोकलने नेणारच असाल तर म्यानात, कपड्यात गुंडाळून, सॅकच्या तळाशी. कमरेला अजिबात नाही. मेट्रोचा तर विचारच सोडा, एक्स-रे मशीनवरच अडवतील.

दुसरं म्हणजे हरिश्चंद्रगड, भीमाशंकर ही अभयारण्यं आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत चाकूसुद्धा येतो आणि अभयारण्यात शस्त्र न्यायला लेखी परवानगी लागते. तिथे फांद्या तोडायच्या नाहीत आणि आगही पेटवायची नाही, मग चाकू हवाय कशाला? भाजी घरून चिरून न्या, स्टोव्ह न्या. लाकूड फोडायची हौस सासऱ्यांच्या बांधावर भागवा.

लोखंडे_काका:
गंजाला इतकं घाबरू नका हो. काम झालं की पुसायचं आणि शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवायचा, बास. खाण्याचं कापणार असाल तर केमिस्टकडे लिक्विड पॅराफिन मिळतं ते लावा. खोबरेल नको, काही दिवसांनी चिकट होतं आणि वास मारतं. आणि चामड्याच्या म्यानात घालून पावसाळाभर ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि पातं आतल्या आत गंजतं. म्यान वेगळं, चाकू वेगळा.

दारावर येणाऱ्या धारवाल्याकडे हा चाकू देऊ नका. त्याच्या कोरड्या चाकावर कड तापते, निळी पडली की तेवढ्या भागाचं पाणी उतरलं समजा. ४०० आणि १००० ग्रिटचा (आकडा मोठा तितका दाणा बारीक) दुहेरी दगड घ्या आणि घरीच घासा, पातं दगडाला साधारण २० अंशांत. हातात घेऊन बघायला नागदेवी स्ट्रीटला एक चक्कर मारा, हत्यारांचीच लाईन आहे.

मूळ धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. रानवेडी, अभयारण्याचं खरंच डोक्यात नव्हतं, ग्रुपवर टाकलंय, दोघंतिघं खवळलेत पण ऐकतील. डोंगरवाट, पटलं, कोयता सासऱ्यांच्या लोहाराकडे सांगतो आणि सॅकला हेवी ड्यूटीवाला मोरा. गारबर्ग बघत होतो ती टॅब आत्ताच बंद केली.

काका, एकच राहिलं, नागदेवीला शनिवारी दुपारी गेलं तर दुकानं उघडी मिळतील का? रविवारी मुरबाडला जायचंय, त्याआधी दगड तरी हातात पडला पाहिजे. आणि कोयत्याची मूठ कशाची करून घेऊ, बाभळीची की शिसवीची? सासरे बाभूळ म्हणतायत.