कबुली: मी शेवटचं पान आधी वाचते

अर्धी_पोळी

लपवून लपवून कंटाळले, म्हणून एकदाचं सांगून टाकते. पुस्तक हातात आलं की मी ते मागून उघडते. कोण जगलं, कोण गेलं, कुणाचं कुणाशी जमलं ते बघून घेते आणि मग चहा टाकून निवांत पहिल्या पानावर येते. लहानपणापासूनची खोड आहे. फोनवर कुणी "तुला एक सांगायचंय, आधी बस" म्हणालं, तर मी उभ्या उभ्याच विचारते, "सगळे बरे आहेत ना? मग आता सावकाश सांग."

गेल्या आठवड्यात नवऱ्यानं रंगेहाथ पकडलं. वाचनालयातून आणलेली रहस्यकथा, पावणेतीनशे पानांची, आणि मी पान २७१ वर. त्याचं म्हणणं, हे म्हणजे पंगतीत बसायच्या आधी मुदपाकखान्यात शिरून श्रीखंडात बोट घालणं. दोन दिवस घरात हाच विषय चाललाय.

माझं म्हणणं असं: शेवट माहीत नसला की मी वाचत नाही, पळते. वर्णनं गाळते, संवादांवरून घसरत जाते. शेवट कळला की जीव भांड्यात पडतो आणि मग वाक्य न् वाक्य चाखता येतं. गेल्या महिन्यात विश्वास पाटलांचं 'पानिपत' पुन्हा वाचलं. १४ जानेवारी १७६१ ला काय झालं ते शाळेपासून पाठ आहे. गणितात नापास झालं तरी आपण "पानिपत झालं" म्हणतो, म्हणजे शेवट भाषेनंच फोडून ठेवलाय! तरी विश्वासरावांना गोळी लागते तिथे मी पुस्तक पालथं घालून गॅलरीत जाऊन उभी राहिले. आता बोला.

कडक_इस्त्री

बोलतो. ताई, तुमच्या नवऱ्याच्या बाजूनं माझं मत धरा.

'पानिपत'चं उदाहरण इथे लागूच होत नाही. तिथे वाचकाला शेवट माहीत आहे हे लेखकालाही माहीत असतं, तो ते धरूनच लिहितो. रहस्यकथावाला बरोबर उलटं धरून चालतो. चौथ्या प्रकरणात माळी उगाच खोकतो. तुम्हाला कळू नये म्हणून तो खोकला त्यानं तिथे जपून पेरलेला असतो. तुम्ही येता आणि म्हणता, "हां, हाच तो." त्याच्या सहा महिन्यांच्या मेहनतीवर पाणी! वर्णनं गाळता हा तुमचा दोष, त्याची शिक्षा लेखकाला का?

ठाण्याचे_आजोबा

आमच्या वेळी हा प्रश्न वाचनालयच सोडवून टाकायचं. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर आम्ही पोरं तुटून पडायचो. झुंजार, काळा पहाड, काय विचारू नका. पुस्तक शंभर हातांतून फिरून आपल्याकडे येई, तोवर त्याची शेवटची पानं गळालेली असत. मग कट्ट्यावर बसून खुनी कोण ते आपणच ठरवायचं. एकदा त्यावरून मारामारीपर्यंत गेलं होतं.

उलटा प्रकारही असे. पान बारावर समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं, "खुनी मुनीमजी". पुढे दुसऱ्या हस्ताक्षरात, "खोटं आहे, वाचत राहा". आणि त्याखाली तिसऱ्यानं, "खरं आहे". इतकं मन लावून मी दुसरं कुठलंच पुस्तक वाचलं नसेल.

तेव्हा अर्धी_पोळी, मी मधला. इतिहास, पुराण, चरित्र, खुशाल मागून वाचा. चरित्रात माणूस शेवटी जातोच. रहस्यकथेला मात्र हात लावू नका.

उत्तररंग

मी पूर्णपणे अर्धी_पोळीच्या बाजूची. माझी आजी आयुष्यभर देवळात कीर्तनाला जायची. उत्तररंगात सीतास्वयंवराचं आख्यान लागलं, तर आज तरी रावण धनुष्य उचलतो का बघू, म्हणून कोणी बसायचं नाही. तो छातीवर धनुष्य घेऊन पडतो, तिथे बुवा टाळ थांबवून जरा दम खातात. त्या दमासाठी बायका तासभर मांडी मोडून बसायच्या.

शिवाय याला शास्त्रीय आधार आहे. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगोतल्या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना लघुकथा वाचायला दिल्या, काहींना शेवट आधीच सांगून. शेवट माहीत असलेल्यांना कथा सरासरीनं जास्त आवडल्या. त्यांत रहस्यकथाही होत्या बरं का, इस्त्रीभाऊ.

कडक_इस्त्री

आणि २०१५ मध्ये दुसऱ्या संशोधकांना नेमकं उलटं आढळलं, तेही सांगा की. शिवाय पाचदहा पानांची कथा वेगळी आणि तीन रात्री उशाशी घेऊन झोपायची कादंबरी वेगळी.

कीर्तनाचं मात्र पटलं. आता एवढं झालंच आहे तर माझीही कबुली घ्या: मी पुस्तकाची प्रस्तावना कधीच वाचत नाही. आपले प्रस्तावनाकार वीस पानं घेऊन अख्खं कथानक सांगतात आणि शेवटी लिहितात, "वाचकांनी हे मुळातूनच वाचायला हवे". राहिलंय काय आता मुळात?

उत्तररंग

म्हणजे तुम्ही पुढची पानं गाळता आणि ती मागची आधी वाचते. फरक सांगा.

कडक_इस्त्री

मी लेखकाचं काही चोरत नाही.

अर्धी_पोळी

सगळ्यांचे आभार. आजोबांची पेन्सिल नवऱ्याला वाचून दाखवली, तर त्याला भलतीच कल्पना सुचली. काल नवीन रहस्यकथा आणली आणि माझ्या हातात द्यायच्या आधी शेवटच्या प्रकरणाची पानं स्टेपलरनं टाचून टाकली. चार पिना! दीडशे पानं झालीत माझी, एकही वर्णन गाळलेलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. खुनी डॉक्टरच असणार असं वाटतंय. दोनदा सुरी घेऊन पिनांपर्यंत गेले आणि परत आले.

आज सकाळी लक्षात आलं की पुस्तक वाचनालयाचं आहे. आता या पिनांचा दंड कोणी भरायचा, यावर नवा वाद सुरू झालाय.