मदत हवी आहे: गोल्डन कोडमधला अल्फा नेमका कशासाठी?

मंडळी, एम.टेक.च्या सेमिनारसाठी दोन अँटेनांचा गोल्डन कोड, म्हणजे बिनतारी संदेश दोन अँटेनांतून पाठवायची एक पद्धत, घेतला आहे (बेलफिओरे, रेकाया आणि व्हिटर्बो, २००५). तीन आठवडे एकाच जागी अडकले आहे. आमच्या विभागात बीजगणिताचं कोणी नाही, म्हणून इथे विचारते.

कळलंय तेवढं आधी सांगते. सिग्नल भिंतींवर, गाड्यांवर आपटत येतो आणि एखादी वाट मध्येच बुडते. म्हणून माहिती दोन अँटेनांवर आणि दोन वेळांत पसरायची, म्हणजे प्रत्येक संदेशाचं २×२ मॅट्रिक्स होतं. कुठल्याही दोन मॅट्रिक्सांच्या वजाबाकीचा निश्चयक (दहावीला क्रेमरच्या पद्धतीत होता तोच) शून्य झाला, की दुसऱ्या वाटेचा आधार गेला. अलामौटीच्या १९९८च्या कोडमध्ये तो शून्य होत नाही, पण दोन वेळांत दोनच चिन्हं (माहितीचे संमिश्र आकडे) जातात. गोल्डन कोडमध्ये चार.

थीटा म्हणजे सुवर्ण गुणोत्तर, (१+√५)/२. निश्चयकात शेवटी उरतं ते असं: नॉर्म(अ+ब·थीटा) − आय × नॉर्म(क+ड·थीटा). इथे आय म्हणजे −१ चं वर्गमूळ, अ, ब, क, ड म्हणजे दोन संदेशांच्या चिन्हांमधले फरक, आणि नॉर्म म्हणजे संख्या गुणिले तिचा जोडीदार (थीटाच्या जागी १−थीटा ठेवून मिळणारी संख्या). आयच्या जागी १ ठेवला तर शून्य मिळतं. −१ ठेवला तरी मिळतं, कारण थीटाचा नॉर्मच −१ आहे! आय मात्र कोणाचाच नॉर्म नाही. ती सिद्धता मला फार आवडली. ‘नॉर्म = आय’ हे समीकरण ४ ने गुणून ५ ची बाकी पाहायची. आयची जागा २ घेतो, कारण २² ची बाकी −१. एका बाजूला वर्ग, दुसरीकडे ८, म्हणजे बाकी ३. वर्गाची बाकी तर ०, १ किंवा ४ च असते.

अडलंय ते पुढे. पहिल्या ओळीला अल्फाने (१ + आय − आय·थीटा) आणि दुसरीला त्याच्या जोडीदाराने गुणतात. अल्फा काढून, एकूण ऊर्जा तेवढीच ठेवून मी हिशेब केला. निश्चयकाच्या वर्गाची किमान किंमत १/५ ऐवजी ४/२५ आली. फरक जेमतेम अर्ध्या डेसिबलचा. एवढ्यासाठीच अल्फा आहे का? आणि त्याचा नॉर्म २+आयच का?

प्रतिसाद:
हिशेब बरोबर आहे, पण एकूण ऊर्जेत खरी गोष्ट लपते. ओळ म्हणजे अँटेना धरा आणि ओळीनिहाय काढा. अल्फा नसताना ऊर्जा ३.६१८ आणि १.३८२ अशी विभागली जाते. अल्फामुळे दोन्हीकडे सारखी होते, आणि चिन्हांची चौकोनी जाळी (चिन्हं ज्या बिंदूंवर बसतात ती समान अंतरांची मांडणी) नुसती फिरते, चेपत नाही. माहिती गळत नाही ती त्यामुळे. २+आयचं कारणही जाळीतच आहे. मूळ जाळीचं आकारमान ५, आणि चौकोनी जाळीला पूर्ण वर्ग लागतो. २+आयच्या मापाचा वर्ग ५, म्हणून ५×५ = २५.

धागाकर्ती:
खूप आभार! ओळीनिहाय काढलं, तंतोतंत तेच आलं, आणि दोन्ही ऊर्जांचं गुणोत्तर थीटाचा वर्ग निघालं. आता एकच: तीन अँटेनांच्या परफेक्ट कोडमध्ये (गोल्डन कोडच्याच कुळातला कोड) चौकोनी सोडून षटकोनी जाळी घेतात, तेही आकारमानामुळे, की तिथे आयच चालत नाही म्हणून?