मुलाची बुद्ध्यांक चाचणी करून घ्यावी का?

प्रश्न (तासगाव)
मुलगा ७ वर्षांचा, दुसरीत आहे. चालायला लागला अडीच वर्षांचा झाल्यावर. अजून दोन-तीन शब्दांचंच बोलतो. बाईंनी सांगितलंय, बुद्ध्यांक चाचणी करा. माझी आई म्हणते, याचा चुलताही उशिराच बोलला, कागदावर एकदा शिक्का बसला की पुसत नाही. आणि बेदाण्याच्या शेडवर हाच पोरगा खराब मणी अचूक वेचतो. काय करावं?

उत्तर (मिरज, एक आई)
दादा, करून घ्या. माझी लेक आता १९ वर्षांची आहे. "होईल हळूहळू" म्हणत आम्ही ३ वर्षं घालवली, ती अजून मनाला लागतात.

आधी कान आणि थायरॉईड तपासा. त्यात दोष असला तरी मूल मागं पडतं आणि त्यावर उपाय असतो. मग मानसशास्त्रज्ञ बहुतेक बिने-कामत चाचणी घेतील. कामतांनी ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवलेली आहे, त्यामुळे प्रश्न मराठीतूनच विचारतात. पण बुद्ध्यांक ७० च्या खाली आला एवढ्यावर बौद्धिक अक्षमतेचं निदान होत नाही. व्हाइनलँड नावाची दुसरी चाचणी असते, तिचे प्रश्न घरच्यांना विचारतात: स्वतः जेवतो का, बटणं लावतो का, दुकानातून सामान आणतो का. तिथं मी लाजेपोटी "सगळं करते" म्हणून आले. त्यामुळे दिव्यांग प्रमाणपत्रावर अक्षमता २५ टक्केच लागली, सवलतींना ४० लागतात. फेरतपासणीत दीड वर्ष गेलं. खरं तेच सांगा, मणी वेचतो तेही सांगा.

घरी एक करा. लेकीला अंघोळ आम्ही घालायचो, शेवटचं अंग पुसणं तेवढं तिच्याकडं. ते जमलं की त्याच्या आधीचं पाणी ओतणं, मग साबण. ७ महिने लागले. आता बाथरूमचं दार आतून लावते.

उत्तर (विशेष शिक्षक, सांगली)
शाळेतून काढू नका. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा जास्त असतील तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, निवड तुमची. बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी सरकारचा निरामय आरोग्य विमा आहे, त्याचंही विचारा, १ लाखापर्यंत संरक्षण असतं.

प्रश्नकर्ता
सोमवारी कान तपासायला नेतोय. आई विचारतेय, ते घरचे प्रश्न तिला विचारले तर चालतील का? दिवसभर तो तिच्यापाशीच असतो.

मिरज
चालतील. त्यांनाच न्या.