चॅप्लेन म्हणजे 'पगारी भटजी'? उत्तर देणं भाग आहे

रेवातीर: काल इथे एकांनी लिहिलं, 'अमेरिकेतली हॉस्पिटलं चॅप्लेन ठेवतात, म्हणजे पेशंटचा हात धरून बसणारा पगारी भटजी. त्याला कसलं आलंय प्रशिक्षण?' रात्रभर डोक्यातून गेलं नाही. मी सात वर्षं हेच काम करतेय, न्यू जर्सीत: पेशंट कुठल्याही धर्माचा असो, त्याला आणि घरच्यांना मानसिक-आध्यात्मिक आधार द्यायचं.

सीपीई, म्हणजे हॉस्पिटलात काम करत घ्यायचं चॅप्लेनचं प्रशिक्षण. त्याच्या एका युनिटला किमान ४०० तास लागतात, त्यातले बहुतेक प्रत्यक्ष कामाचे. चॅप्लेनच्या व्यावसायिक बोर्डाच्या प्रमाणपत्राला अशी चार युनिटं, शिवाय पदव्युत्तर पदवी. पेशंटशी झालेलं बोलणं आठवून शब्दन् शब्द लिहायचं आणि गटापुढे वाचायचं. 'ती मरणाबद्दल बोलायला लागली तेव्हा तू विषय का बदललास?' या प्रश्नाला मी गटापुढे ढसाढसा रडले होते. प्रमाणपत्र टिकवायला दरवर्षी ५० तास शिक्षण, तेही मी माझ्या रजेत आणि माझ्या पैशाने करते. मागच्या महिन्यात एका रात्री सगळ्या हॉस्पिटलला मी एकटी होते. तीन मृत्यू झाले, त्यातलं एक तान्हं बाळ. त्याच्या आईजवळ चार तास बसले. महिन्याच्या तक्त्यात त्याची नोंद 'भेट: १'.

एडिसनकर: ती पोस्ट माझीच. हिच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनचं बिल आम्ही अजून हप्त्यांनी फेडतोय. चॅप्लेनच्या पगारातून नर्स वाढवा. बसून ऐकायला घरची माणसं असतात, आणि प्रमाणपत्रांचं हे फॅड अलीकडचंच आहे.

रेवातीर: अलीकडचं? अँटन बॉइसन स्वतः मनोरुग्णालयात राहून बाहेर आले आणि १९२५ साली मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयात त्यांनी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकवायला घेतलं. आणि तुमच्या बिलात आमची ओळच नसते. आमच्या भेटीचे पैसे विमा कंपनी सहसा देत नाही, म्हणून तर कपात आली की पहिली कुऱ्हाड आमच्यावर. हॉस्पिसचं, म्हणजे अखेरच्या दिवसांतल्या पेशंटच्या सेवेचं, तेवढं वेगळं. तिथे मेडिकेअरच्या, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, नियमाने टीममध्ये धार्मिक किंवा इतर समुपदेशक असावाच लागतो.

वाईकर: पगाराचं राहू द्या, मला वेगळंच बोलायचंय. माझी तीन युनिटं झालीत. प्रमाणपत्रासाठी आपल्या धर्मसंस्थेचं मान्यतेचं पत्र लागतं. ख्रिश्चन मुलांना चर्च देतं, आपण कुणाकडे जायचं? देवळाच्या ट्रस्टींच्या मागे आठ महिने फिरलो. एक म्हणाले, 'पूजा सांगता येते का?' दुसऱ्यांनी आडनाव विचारलं, आणि पुढे फोन उचलला नाही.

एडिसनकर: झालं, आली जात! कामाच्या व्यग्रतेत राहिला असेल फोन. प्रत्येक ठिकाणी तेच कशाला काढता?

वाईकर: तुमचं आडनाव कुणी असं विचारलंय का कधी? नसेल तर गप्प बसा.

रेवातीर: वाईकर खरं बोलतायत. बाई म्हणून मलाही ऐकवलंच होतं, 'विटाळाच्या दिवसांत काय करणार?' पूजा हे आमचं काम नाही, हे तिथे कुणाला पटवायचं?

मीनल_साताऱ्याची: मी एरवी नुसती वाचते, आज लिहिते. बाबा इथल्या आयसीयूत गेले. तोंडाने काहीही द्यायचं नाही असा आदेश होता आणि आईच्या पर्समध्ये गंगाजलाची कुपी. आम्हाला विचारायचा धीर होईना. चॅप्लेन मेथडिस्ट, म्हणजे एका ख्रिश्चन पंथाची होती. कुपी बघून तिने एवढंच विचारलं, 'हे त्यांच्यासाठी आहे का?' मग ती डॉक्टरांशी बोलून आली आणि स्पंजच्या काडीने आईच्या हातून बाबांचे ओठ ओले करू दिले. साताऱ्याहून काका फोनवर हरिपाठ म्हणत होते, तर पाऊण तास तिने फोन बाबांच्या कानाशी धरला. हात बदलत होती, पण फोन हलू दिला नाही. एडिसनकर, आम्ही घरची चार माणसं तिथे होतो. आमच्यातल्या एकालाही ते जमलं नसतं.

एडिसनकर: ठीक आहे. 'भटजी' मागे घेतो. नर्स कमी आहेत हे मात्र सोडणार नाही. आणि वाईकर, तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर 'नाही' आहे. मला कुणी विचारलं नाही.

वाईकर: बरं. रेवातीर, तुम्हाला पत्र शेवटी दिलं कुणी?

रेवातीर: दुसऱ्या राज्यातल्या एका मठाने, तीन मुलाखती घेऊन. मसुदा आहे माझ्याकडे, मेल करते. आज रात्री हॉस्पिटलच्या ड्युटीवर आहे, सकाळी नक्की.