अमेरिकेत मुलाकडं निवडणुकीच्या दिवसांत जावं की नको?

वडगावची_मावशी

नमस्कार सगळ्यांना. मी बेळगावची, वडगावला राहते. मुलगा सात वर्षं झाली अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात ॲलनटाऊनजवळ असतो. तो यंदा परत बोलवतोय, म्हणतोय गणपती झाले की ये, ऑक्टोबरात झाडांची पानं लाल-पिवळी होतात ती तुला बघायलाच पाहिजेत. नातीला बघायचं म्हणून मन ओढ घेतंय, पण ३ नोव्हेंबर २०२६ ला तिकडं परत निवडणूक आहे म्हणे आणि २०२४ ला मी नेमकी त्याच दिवसांत तिकडं होते, तेव्हाचं आठवलं की नको वाटतंय बघा.

मुलाला तिकडं मत नाही, तो व्हिसावर आहे. तरी त्याच्या फोनवर दिवसाला पंधरा-वीस मेसेज, आणि तेही दुसऱ्याच कुणा बाईच्या नावानं. आज रात्री बारापर्यंत पाच डॉलर दिले नाहीत तर सगळं संपलं, असं लिहिलेलं असायचं. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरंच कुणावर तरी वेळ आली असं वाटलं, मुलाला म्हटलं अरे दे की पाच डॉलर, काय जातंय. तर दुसऱ्या दिवशी परत तेच, रात्री बारापर्यंत. महिनाभर रोज रात्री बारा वाजता सगळं संपत होतं.

आणि टपालाच्या पेटीत रोज सात-आठ गुळगुळीत जाड कार्डं. विरोधातल्या माणसाचा फोटो मुद्दाम काळाकुट्ट केलेला, तोंड वेडंवाकडं असताना काढलेला. लहान पोरं असतात घरात, ती बघतात. इतका चांगला कागद, आमच्याकडं रद्दीवाला किलोवर घेऊन गेला असता, तिकडं कुणी घेत नाही, नुसता टाकायचा. मला ते बघवत नव्हतं.

त्यात मधेच घड्याळ एक तास मागं, तिकडं थंडीच्या आधी सरकारी वेळच बदलतात. २०२४ ला ३ नोव्हेंबरला घड्याळ बदललं आणि ५ ला मतदान. हे इकडनं पहाटे सहाला फोन करायचे, तो तिकडं रात्री साडेआठला जेवणं आवरल्यावर यायचा, तो त्या दिवसापासनं साडेसातलाच यायला लागला, माझे हात कणकेत. यांना किती समजावलं पण हे म्हणतात मी सहालाच करतोय की, माझं काय चुकलं.

दुकानात ३० डॉलर लिहिलेला तवा घ्यायला गेलं तर काउंटरवर ३१ डॉलर ८० सेंट. अहो जे घ्यायचे आहेत तेच लिहा की वर! आपल्याकडं साध्या काडेपेटीवर सुद्धा सगळे कर धरून किंमत छापलेली असते.

पण सगळ्यात वाईट वाटलं ते शेजाऱ्यांचं. उजवीकडच्या घरासमोर गवतात एका पक्षाची पाटी, डावीकडच्या घरासमोर दुसऱ्या पक्षाची. दिवाळीला मी चकल्या आणि करंज्या घेऊन दोन्हीकडं गेले. डावीकडच्या आजीबाईंनी हात धरून आत बसवलं, त्या जे बोलल्या ते सुनेनं मला समजावून सांगितलं, म्हणाल्या उजवीकडच्या घरची पोरं माझ्या स्वयंपाकघरात लहानाची मोठी झाली, पण २०१६ पासनं आमचं जाणं-येणं नाही. मधे एवढंसं कुंपण, कमरेएवढं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तर विचारायचं हे की तिकडं असणाऱ्यांनी किंवा आई-वडिलांना नेलेल्यांनी सांगा, कधी जावं? आणि त्या मेसेजांचं काय करतात? मुलगा नुसतं "सोड की आई" म्हणतो.

खानापूरकर_नॉर्थ_कॅरोलिना

मावशी, मी चौदा वर्षं इकडं आहे, तुमचं अक्षर न् अक्षर खरं आहे. आणि तुमचा मुलगा नेमका पेनसिल्व्हेनियात म्हणजे तर विचारूच नका. इथं अध्यक्ष सरळ देशभरच्या मतांवर निवडत नाहीत, राज्याराज्याला वाटून दिलेली मिळून ५३८ मतं असतात, राज्य जिंकलं की बहुतेक ठिकाणी त्याची सगळी मतं जिंकणाऱ्याला, आणि २७० गाठायची. त्यातली १९ पेनसिल्व्हेनियाची, आणि ते राज्य कधी इकडं कधी तिकडं. म्हणून सगळा पैसा, सगळी कार्डं, सगळे मेसेज तुमच्या पेटीत येऊन पडतात. कॅलिफोर्नियातल्या माझ्या मित्राकडं त्याच्या निम्मं पण येत नाही. आमचं नॉर्थ कॅरोलिना पण त्याच जातीचं.

मेसेज दुसऱ्या बाईच्या नावानं येतात कारण तो नंबर आधी तिचा होता, तिनं सोडला आणि कंपनीनं तुमच्या मुलाला दिला. ती कुठंतरी पाच डॉलर देऊन बसली असणार. मग ती यादी ह्याच्याकडनं त्याच्याकडं. जाहिरातीचे फोन नकोत म्हणून नाव नोंदवायची सरकारी यादी आहे इथं, पण राजकीय फोन त्यातनं वगळलेत! "स्टॉप" लिहून पाठवलं की तो एक पाठवणारा थांबतो, पण दुसऱ्या दिवशी दुसऱ्या उमेदवाराचा नवा नंबर. मुलाच्या फोनमध्ये अनोळखी नंबरचे मेसेज वेगळे काढायचं सेटिंग आहे ते चालू करा, निदान टिंग टिंग तरी बंद होईल.

आणि हे चार वर्षांनी एकदा असं समजू नका. खालच्या सभागृहाची मुदत फक्त दोन वर्षं, ४३५ च्या ४३५ जागा दर दोन वर्षांनी. निवडून आला की दुसऱ्या दिवसापासनं परत मागायला सुरू. यंदा पेनसिल्व्हेनियात गव्हर्नर (आपल्या मुख्यमंत्र्यासारखा) पण निवडायचाय.

मला राग कशाचा येतो ते सांगतो. २०२५ ला बजेटवरनं दोन्ही पक्षांचं जमलं नाही म्हणून १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर, ४३ दिवस सरकारचं कामकाज बंद होतं. विमानांना वाट दाखवणारे टॉवरवाले बिनपगारी कामावर, माणसं कमी पडली, मग नोव्हेंबरात ४० मोठ्या विमानतळांवरची विमानंच कमी करायचा हुकूम काढला. आणि माझी आई नेमकी तेव्हा येत होती, पहिल्यांदा, एकटी. शिकागोपर्यंत आली आणि पुढचं विमान रद्द. ६८ वर्षांची बाई, मराठी आणि कानडी येतं, हिंदी मोडकं. मी इकडं फोनवर फोन करतोय, कुणी उचलत नाही, काउंटरवरची बाई तिला इंग्रजीत काहीतरी सांगतेय आणि ही नुसती मान हलवतेय. शेवटी एक हुबळीचा माणूस भेटला, आईच्या पिशवीवर बेळगावच्या मिठाईवाल्याचं नाव बघून कानडीत बोलला. त्याचं पण विमान रद्द झालेलं. रात्रभर सोबत बसला, तिला गरम पाणी आणून दिलं, त्याच्या फोनवरनं माझ्याशी बोलणं करून दिलं. आईनं कुंद्याचा एक डबा त्याला दिला. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. पण ज्यांनी हे केलं त्या लोकांना माझी आई खुर्चीत बसून झोपली हे कधी कळणार पण नाही, आणि ते टीव्हीवर एकमेकांकडं बोट दाखवत होते.

मावशी, तिकडची पक्षांतर्गत, म्हणजे पक्षाचे उमेदवार ठरवायची, निवडणूक १९ मेला आहे, ती झाली की जूनमध्ये या. पानं हिरवी असतील पण डोकं शांत राहील.

टिळकवाडी_९१

काकू, टिपचं राहिलं की! मी मागच्या वर्षी बहिणीकडं गेलेले, साधी कॉफी, आपणच रांगेत उभं राहायचं, आपणच उचलून न्यायची, आणि तो स्क्रीन आपल्याकडं फिरवतात, १८, २०, २५ टक्के, आणि मागची रांग बघत असते. मला आधी खूप चीड आली. मग बहिणीनं सांगितलं की हॉटेलात वाढणाऱ्यांना केंद्राच्या कायद्यानं तासाला २ डॉलर १३ सेंट दिले तरी चालतात, १९९१ पासनं तोच आकडा आहे, बाकीचं टिपमधनं निघायचं असं धरलेलं. तेव्हापासनं वाढणाऱ्यांवर राग नाही, पण तो आकडा पस्तीस वर्षं हलवला नाही त्यांच्यावर आहे. बसून जेवलात तर द्या, काउंटरवर नाही दिलं तरी कुणी काही म्हणत नाही.

उद्यमबाग_फाउंड्री

मावशी तुम्ही तिकडं जाऊन त्रास सोसला, आम्ही इकडं बसून सोसतोय. माझं छोटं फाउंड्री युनिट आहे, सतरा माणसं. आम्ही लोखंड ओतून कास्टिंग करतो, त्याचं मशीनिंग करून एका मोठ्या पार्टीला देतो, ती अमेरिकेला पाठवते. ऑगस्ट २०२५ ला ७ तारखेला अमेरिकेनं आपल्या मालावर २५ टक्के टॅरिफ (आयात कर) लावले, २७ ला आणखी २५, म्हणजे ५० झाले. आम्हाला पत्र नाही काही नाही, रात्री तिकडं कुणीतरी मोबाइलवर पोस्ट टाकणार आणि सकाळी आमच्या पार्टीचा मेसेज "होल्ड". एवढंच. होल्ड.

लोक म्हणतात टॅरिफ भारत भरतो. नाही ओ, तिकडं बंदरावर माल सोडवून घेणारा तिकडचाच आयातदार भरतो. पण तो भरला की आमच्या पार्टीला म्हणतो भाव कमी करा, पार्टी आम्हाला म्हणते भाव कमी करा, मी कुणाला म्हणू? मोल्डिंगवाल्या माणसाला? त्याचं हातावरचं पोट. आणि लोखंडाच्या मालाला वेगळा नियम, गाडीच्या पार्टला वेगळा, आमचा माल नेमका कुठल्या यादीत पडतो हेच आठ दिवस कुणाला सांगता येईना, ज्याला विचारावं तो दुसऱ्याला विचारून सांगतो म्हणायचा.

अकरा खोकी भरून शेडमध्ये तयार होती. बेळगावचा ऑगस्टचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, भिंतीला हात लावला तर ओला होतो. मशीनिंग केलेला चकचकीत भाग दमट हवेत चार दिवसांत तांबूस व्हायला लागतो. आम्ही खोकी परत उघडली, एकेक नग काढला, फडक्यानं पुसला, परत गंज न लागायचं ऑइल मारलं, परत कागदात गुंडाळला. असं तीनदा केलं. गणपतीत बाकीचे आरतीला आणि आम्ही शेडमध्ये नग पुसतोय.

आणि माझ्याच गल्लीच्या कट्ट्यावर रोज रात्री नऊला ट्रम्प असा आणि ट्रम्प तसा, कोण जिंकला कोण हरला, हसणं-खिदळणं. पलीकडं गटार तुंबलंय, नळाला पाणी कधी येणार ते कुणाला माहीत नाही, त्यावर कुणी बोलत नाही. मला त्या कट्ट्यावर बसवत नाही आताशा.

गुरुजी_येळ्ळूर

ताई, मी ३४ वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं म्हणून थोडं लिहितो. मंगळवारीच मतदान का, तर तो १८४५ चा कायदा आहे. तेव्हा शेतकरी घोडागाडीनं तालुक्याच्या गावी जायचा, रविवारी चर्च, बुधवारी बाजार, मग मधला मंगळवार मोकळा. आपल्याकडं शनिवारचा बाजार धरून तारीख ठरवल्यासारखं. आज घोडागाडी गेली पण मंगळवार तसाच, आणि देशभर सुट्टीही नाही. माझा पुतण्या तिकडं नागरिक झालाय, कामावर जायच्या आधी पहाटे रांगेत उभा होता.

पण मला जास्त सलतं ते मतदारसंघांच्या रेषांचं. १८१२ ला मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या काळात आपल्या पक्षाला सोयीचा मतदारसंघ आखला, तो नकाशावर सरड्यासारख्या सॅलॅमँडर प्राण्यासारखा दिसला, म्हणून त्या प्रकाराचं नावच जेरीमँडर पडलं. दोनशे वर्षं झाली, अजून चालू आहे. बहुतेक राज्यांत आमदारच नकाशा काढतात, म्हणजे मतदारानं पुढारी निवडायच्या आधी पुढाऱ्यानं मतदार निवडलेला असतो. जनगणनेनंतर दहा वर्षांनी एकदा करायची रीत, तर २०२५ ला टेक्सासनं मधेच नकाशा बदलला, मग कॅलिफोर्नियानं त्याला उत्तर म्हणून नोव्हेंबरात मतदान घेऊन आपला बदलला.

आपण सीमाभागातली माणसं, रेषा म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. १ नोव्हेंबर १९५६ ला रेषा मारली तेव्हा माझे वडील येळ्ळूरातच होते, कुठं गेले नाहीत, पण सकाळी उठले ते वेगळ्या राज्यात. त्या वेळी ज्यांनी मारली त्यांना निदान आमच्या मतांचा हिशोब करायचा नव्हता. सीमावादावर १९६७ चा महाजन अहवाल झाला, २००४ ला महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला, अजून तारखा. म्हणून जिथं कुठं कुणी घराघरातनं रेघ ओढतो असं वाचलं की मला राग येतो, मग ते टेक्सास का असेना.

शेजाऱ्यांचं तुम्ही लिहिलंत ते वाचून वाईट वाटलं. आमच्या घरात मी महाराष्ट्र एकीकरण समितीचा, थोरला भाऊ काँग्रेसचा, त्याचा मुलगा भाजपचा. निवडणुकीत घसा बसेपर्यंत भांडतो, पण भात कापायला तिघं एकाच शेतात. त्या आजीबाईंना सांगा, एकदा कुंपणावरनं हाक मारून बघा म्हणावं.

वडगावची_मावशी

सगळ्यांचे आभार. खानापूरकर, तुमच्या आईंचं वाचून डोळ्यात पाणी आलं, त्यांना माझा नमस्कार सांगा. मुलाला कळवलं जूनचं तिकीट बघ म्हणून, तो पानांचं म्हणाला, मी म्हटलं फोटो पाठव. मेसेजचं सेटिंग त्याच्या बायकोनं केलं, त्याला माहीतच नव्हतं. गुरुजी, आजीबाईंना सांगेन, यावेळी करंज्या घेऊन त्यांनाच सोबत घेऊन उजवीकडं जायचं माझ्या मनात आहे, येतात का बघू.

उद्यमबागच्या दादा, त्या अकरा खोक्यांचं पुढं काय झालं ते लिहिलंच नाही तुम्ही.

उद्यमबाग_फाउंड्री

चार गेली मावशी. सात शेडमध्येच आहेत, ताडपत्री घालून ठेवलीत. आता थंडी आहे म्हणून बरं, जूनच्या आत हलली पाहिजेत.